साडेनऊचा अंदाज आणि कंपनीचा पंखा

गणित तेच, आकडे तेवढेच, संगणकही तोच. डिसेंबरात ते साडेतीन तासांत सुटतं, मग मे महिन्यात त्यालाच साडेसात तास का लागतात? उन्हात माणूस दमतो, बैल दमतो. आकडेसुद्धा दमतात की काय?

सावखेड्यात हे कोडं कोणी गंमत म्हणून घालत नव्हतं. त्यापायी एक माणूस जिवानिशी गेला होता.

साल दोन हजार अठ्ठावन्न. गावाच्या उत्तरेला डोंगर फोडून कालवा काढायचं काम चाललं होतं. खोदाई यंत्रं करत, पण दगडांचे सांधे भरायला अजून माणूसच लागे. चर चाळीस हात खोल. वाऱ्याचा पत्ता नाही, तळाला पाझराचं पाणी आणि वरून ऊन. भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं की आत जशी हवा होते ना, अगदी तशी. अशा दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. म्हणून कालवा मंडळाने नियम केला होता. दुपारची पाळी बारा वाजता खाली उतरायच्या आधी चरीतल्या ‘ओल्या तापमानाचा’ (तापमापकाला ओलं फडकं गुंडाळून मोजतात त्या तापमानाचा) अंदाज बघायचा. बत्तीसच्या वर जाणार असेल तर कोणी उतरायचं नाही. आणि अंदाज आलाच नाही तर? तर मुकादम आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, “चला रे, उतरा.”

हा अंदाज काढायचे यामिनीचे आजोबा, प्रमोद बऱ्हाटे. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. उभा जन्म हवामानशास्त्रात गेलेला. सरकारी अंदाज अख्ख्या तालुक्याचा असे, एकट्या चरीचा अंदाज फक्त आबांकडे. मोठ्या शहरांतली गणनकेंद्रं उन्हाळ्यात वीज पुरत नाही म्हणून खेड्यांची कामं रात्री घेत. आबांना तर पहाटेची मोजमापं घेऊन दुपारच्या आत उत्तर हवं. म्हणून मग घरातला जुना डेस्कटॉप. सकाळी सहाला गणित लावायचं, साडेनऊला उत्तर हातात.

तीन आठवड्यांपूर्वी ते उत्तर दीड वाजता आलं. साडेतेहतीस. तोवर योगेश तायडे चरीत कोसळले होते. यामिनीचे पप्पा, वेदांत, त्याच टोळीत होते. त्यांनीच योगेशकाकांना खांद्यावर टाकून वर आणलं. वर आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हापासून आबांनी तायड्यांच्या गल्लीतून जाणं सोडलं. तेराव्यालाही गेले नाहीत. ‘तुमच्यामुळे झालं’ असं कोणी चकार शब्दाने म्हणालं नाही, पण मनाला कोण समजावणार? रोज सकाळी गणित लावायचं आणि घड्याळाकडे बघत बसायचं. उत्तर रोज उशिरा येई. आणि पप्पा रोज बाराच्या ठोक्याला खाली उतरत.

यामिनी अकरा वर्षांची. शाळेला सुट्टी, आई जळगावच्या दवाखान्यात नर्स, आठवड्यातून तीनच दिवस घरी. घरात बोलायला म्हणजे आबा, आणि आबा तर मुके झालेले.

एका सकाळी तिला राहवेना. ती पडद्यासमोर फतकल मारून बसली आणि कोपऱ्यातले दोन आकडे वहीत उतरवत गेली. एक संगणकाच्या वेगाचा, दुसरा प्रोसेसरच्या (संगणकाचा आकडेमोड करणारा मेंदू, हा नखाएवढा) तापमानाचा. सहा वाजता वेग पूर्ण, तापमान बेचाळीस. सहा वाजून पाच मिनिटांनी तापमान पंचाण्णव. आणि मग ते पंचाण्णववरच चिकटून बसलं, पण वेग मात्र घसरायला लागला. सातला पाऊण, आठला निम्मा.

“आबा, हा मुद्दाम हळू चालतोय!”

आबांनी मान वळवली. “काय म्हणालीस?”

“तापमान पंचाण्णवला गेलं की हा वेग कमी करतो. कामचुकार आहे तुमचा संगणक.”

तीन आठवड्यांत पहिल्यांदा आबा खुर्चीतून उठले. वहीतले आकडे डोळ्यांजवळ नेऊन बघितले, कारण त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. बघून झाल्यावर कपाळावर हात मारून घेतला.

“कामचुकार नाही गं. जीव वाचवतोय तो. याला थ्रॉटलिंग (जळून जाऊ नये म्हणून आपणहून वेग कमी करणं) म्हणतात. आणि मी मूर्ख आभाळाचं तापमान मोजत बसलो! माझ्या टेबलावरचं मोजलंच नाही.”

त्यांनी संगणकाच्या पेटीची बाजू उघडली. आत धुळीने माखलेला एक छोटा गोल पंखा गरगरत होता. त्याच्याखाली ॲल्युमिनियमची आखूड पाती.

“हा कंपनीचा पंखा. म्हणजे प्रोसेसरसोबत खोक्यातच येतो तो, त्याला कूलर म्हणतात. पण नावावर जाऊ नकोस. हा काहीही थंड करत नाही.”

“मग काय करतो?”

“हमाली करतो. इथली उष्णता उचलायची, तिथे टाकायची. जुन्या काळी शंभर वॅटचा पिवळा दिवा असायचा, त्याला हात लावला की बोट भाजायचं. तेवढी उष्णता या नखाएवढ्या जागेत निर्माण होते. ती प्रोसेसरमधून धातूच्या तळात जाते, तळातून पात्यांत, पात्यांतून हवेत. पंखा ती गरम झालेली हवा ढकलून देतो. बस्स. आता मला सांग, खोलीतली हवाच तापलेली असेल तर?”

यामिनीने विचार केला. “तर उष्णता जाणार कुठे?”

“जाईल, पण रडतखडत. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमीकडे जाते, आणि दोन्हींत फरक जितका मोठा, तितकी भराभर जाते. हे गणित पूर्ण वेगाने चाललं की या पंख्याला अठ्ठावन्न अंशांचा फरक लागतो. डिसेंबरात खोली वीस अंशांवर. वीस आणि अठ्ठावन्न?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“पंचाण्णवच्या आत. म्हणून साडेनऊला उत्तर. आता हा आपला शहाणपणा बघ.” आबांनी शोकेसकडे बोट दाखवलं. धूळ बसू नये म्हणून संगणक काचेच्या दाराच्या शोकेसमध्ये बंद करून ठेवला होता. आबांनी आत तापमापक धरला. पन्नास.

“पन्नास आणि अठ्ठावन्न, एकशे आठ!” यामिनी ओरडली. “ते त्याला झेपत नाही, म्हणून तो वेग कमी करतो, म्हणजे उष्णता कमी निर्माण होईल आणि पंचाण्णवला भागेल!”

कोडं सुटलं होतं. पण आबांचा चेहरा उजळला नाही. “एवढीशी गोष्ट,” ते म्हणाले, “एवढीशी गोष्ट मला आधी दिसली असती तर योगेश आज...” यामिनीने त्यांचा हात धरला.

“नवा मोठा पंखा आणू या,” ती म्हणाली. “सगळ्यात मोठा!”

“थांब. आधी फुकटचे उपाय. कंपनीचा पंखा म्हणजे टाकाऊ, असं समजू नये. पत्रं लिहायची, शाळेचा अभ्यास करायचा, चार तास पिक्चर बघायचे, थंड गावात राहायचं, तर तो जन्मभर पुरतो. उगाच हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?”

त्यांनी संगणक शोकेसमधून काढून खिडकीशी सावलीत ठेवला. यामिनीने जुन्या रंगाच्या ब्रशने पात्यांतली धूळ काढली. धूळ कसली, गोधडीच होती ती. दुसऱ्या दिवशी गणित सव्वाबाराला संपलं. सव्वा तास वाचला होता.

पण पाळी उतरते बाराला. पप्पा उतरून पंधरा मिनिटं झाल्यावर उत्तर आलं, एकतीस. हद्दीच्या आत, म्हणून निभावलं. आबांनी घाम पुसला आणि म्हणाले, “आता मात्र घ्यायलाच हवा. खोली सकाळी एक्केचाळीस, अकराला चव्वेचाळीस. तासन्तास पूर्ण वेगाचं काम. हे ओझं कंपनीच्या पंख्याचं नव्हेच.”

भुसावळच्या दुकानात फिरके नावाचे दुकानदार होते. त्यांनी ठेवणीतला नग काढला. दोन पंखे, सात रंगांचे दिवे. “याच्यापुढे कोणी नाही बघा, काका!”

आबांनी खिशातून फूटपट्टी काढली. “उंची किती?”

“एकशे पासष्ट मिलिमीटर.”

“माझ्या पेटीत एकशे पंचावन्नच मावतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, फिरकेशेठ. आणि दिव्यांनी प्रोसेसर थंड होत नाही, तो साधा द्या.”

साधा म्हणजे एकच पंखा, पण पाती चौपट. आणि तळातून चार तांब्याच्या नळ्या वर गेलेल्या. परतीच्या बसमध्ये यामिनी त्या नळ्यांकडेच बघत होती.

“पोकळ आहेत,” आबा म्हणाले. “या उष्णतानळ्या (आतल्या थेंबभर पाण्याच्या वाफेने उष्णता वाहून नेणाऱ्या बंद नळ्या). खालच्या टोकाला चटका बसला की पाण्याची वाफ होते. वाफ उष्णता घेऊन वर पळते, तिथे पात्यांना ती देऊन टाकते आणि पुन्हा पाणी होऊन परत येते. भाताच्या झाकणाला आतून थेंब जमतात बघ, तसंच. कंपनीच्या पंख्याला अठ्ठावन्न अंशांचा फरक लागतो, तिथे याला पस्तीस पुरेल.”

“चव्वेचाळीस आणि पस्तीस... एकोणऐंशी!” यामिनीने टाळी वाजवली. बसमधले चार लोक वळून बघायला लागले.

पंखा बसवायचं काम तिच्याकडे आलं, कारण आबांचे हात थरथरत आणि डोळ्यांना बारीक दिसत नसे. आधी जुना पंखा काढला. मग प्रोसेसरवर उष्णतालेप (दोन धातूंमधल्या बारीक फटी भरणारं मलम) तुरीच्या डाळीएवढा ठेवला. नव्या कूलरचा तांब्याचा तळ आरशासारखा लखलखत होता. त्याच्यावर कारखान्यातलं पातळ, पारदर्शक प्लास्टिक होतं. ते तिने जपून तसंच राहू दिलं.

आता हसू नका. त्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं म्हणजे गुन्हा होता. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दारावरचा कागद सात वर्षं जसाच्या तसा, आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसलं की उठताना कपडे चिकटत. “वस्तू जपली की वस्तू आपल्याला जपते,” हे आबांचंच वाक्य. मुलीने ते मनावर घेतलं, तिचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी सहाला गणित लावलं. सहा वाजून दोन मिनिटांनी, वेग घसरूनही, तापमान शंभर. पाचव्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि संगणक बंद पडला. यामिनीने पुन्हा लावला, पुन्हा बंद. आबांनी जोडण्या तपासल्या, पंखा तपासला. सगळं ठीक, तरी तिसऱ्यांदा बंद. सात वाजून गेले.

त्या दिवशी हवा विचित्र होती. पहाटे आभाळ भरून येऊन गेलं होतं आणि अंगाला नुसतं चिकचिक होत होतं. योगेशकाका गेले त्या दिवशी अशीच होती. पप्पा पहाटेच कामावर गेले होते, बाराला खाली उतरणार होते. चरीजवळ फोन लागला की मुकादम एकच विचारायचा, “अंदाज आला का?” अंदाज नाही तर त्याला वरून हुकूम होता, पाळी थांबवायची नाही.

आबा खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. “मी नाही बघू शकत हे पुन्हा. जुना पंखा लाव, यामिनी. उशीर होईल, पण...”

“जुना लावला तर सव्वाबाराच्या पुढे जाईल, आबा! आणि आता तर सात वाजून गेलेत!”

यामिनीला रडू यायला लागलं. रडता रडताच तिने नव्या कूलरच्या पात्यांना हात लावला. भाजेल म्हणून घाबरतच लावला होता.

पाती गार होती. म्हणजे खोलीइतकीच कोमट. तिने उलट्या हाताने पुन्हा बघितलं.

“आबा, जुन्या पंख्याची पाती गरम व्हायची ना?”

“चटका बसायचा.”

“ही गारच आहेत. प्रोसेसर शंभरवर आणि पाती गार! पंखा नुसताच गार पात्यांवर वारा घालत होता!”

आबांचे डोळे उघडले. “दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला,” ते पुटपुटले आणि ताडकन उठले. “उष्णता पात्यांपर्यंत पोहोचतच नाहीये! वाटेत काहीतरी आडवं आलंय. काढ तो, काढ लवकर!”

स्क्रू काढताना यामिनीची बोटं घसरत होती. कूलर उलटा केला. लेप पसरला होता, आणि त्याच्या कडेला एक चुरगळलेला पारदर्शक कोपरा वर आला होता. आबांनी तो डोळ्यांशी नेला, नखाने ओढला आणि अख्खं प्लास्टिक सर्रकन निघून आलं.

“हे काय?”

“नव्याचं प्लास्टिक,” यामिनी अगदी हळू आवाजात म्हणाली. “मी... खराब होऊ नये म्हणून ठेवलं.”

तिला वाटलं, आता आबा रागावणार. आबांनी ते प्लास्टिक उजेडात धरून बघितलं. मग म्हणाले, “प्लास्टिकमधून उष्णता जात नाही, म्हणून तर कुकरचा दांडा प्लास्टिकचा असतो. तांब्याचा एवढा रुंद रस्ता बांधला आणि तोंडाशीच भिंत घातली. तुझी चूक नाही पोरी. हे खूळ माझं.” आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ओरडले, “रडत काय बसलीस? पूस ते!”

जुना लेप पुसला. लेपाच्या ट्यूबमध्ये तळाशी उरलेला लेप दाबून दाबून काढला, जेमतेम डाळीएवढा निघाला. चार स्क्रू, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत. आठ वाजून पाच मिनिटांनी गणित पुन्हा लागलं.

तापमान साठ. सत्तर. पंचाहत्तर. शहात्तर... आणि तिथेच थांबलं. वेग पूर्ण. यामिनीने पात्यांना हात लावला आणि झटकन मागे घेतला. पाती तापली होती. पाती तापल्याचा इतका आनंद आयुष्यात कोणाला झाला नसेल.

तरीही साडेतीन तास लागणारच होते. आठ वाजून पाच मिनिटं आणि साडेतीन तास, म्हणजे अकरा पस्तीस. वीज गेली तर संपलंच. कोणी जेवलं नाही. आबा दर पाच मिनिटांनी आकडा विचारत आणि यामिनी सांगे.

अकरा वाजून छत्तीस मिनिटांनी उत्तर आलं. दुपारी दोनला चरीत तेहतीस पूर्णांक आठ.

आबांनी फोन लावला. “मुकादम, प्रमोद बऱ्हाटे बोलतोय. तेहतीस पूर्णांक आठ. एकालाही खाली उतरू देऊ नका.”

पप्पा एक वाजता घरी आले. दारातच बसून घटाघटा पाणी प्यायले आणि तसेच फरशीवर आडवे झाले. दोन वाजता बाहेर पान हलत नव्हतं. यामिनी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या कपाळावरचा घाम बघत होती. पुसला तरी पुन्हा येत होता.

“आबा, घाम हा माणसाचा पंखाच ना?”

“हो. वाळता वाळता अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा दमट असली की तो वाळत नाही.”

“मग माणसाला दुसरा, मोठा बसवता येतो का?”

“नाही गं. माणसाला जन्मभर कंपनीचाच.”

संध्याकाळी आबांनी चपला घातल्या आणि यामिनीला बरोबर घेतलं. कुठे जायचं ते सांगितलं नाही, पण ते तायड्यांच्या गल्लीकडे वळले तेव्हा तिला कळलं. स्नेहलकाकू ओट्यावर गहू निवडत होत्या. आबा पायरीशीच उभे राहिले.

“स्नेहल, त्या दिवशी माझा अंदाज उशिरा आला. संगणक तापत होता आणि ते मला कळलं नाही. कळायला हवं होतं.”

काकूंनी सूप खाली ठेवलं.

“मला माहीत होतं, आबा. तुम्ही कधी येता तेवढंच बघत होते,” त्या म्हणाल्या. “आता अंदाज वेळेवर येतो?”

“साडेनऊला येईल. पात्यांत पुन्हा धूळ बसली आणि खोली पन्नासच्या वर गेली तर पुन्हा उशीर होईल, खोटं कशाला सांगू? पण ही म्हणते, पडक्या विहिरीतली गार हवा नळीने खोलीत आणू या.”

“मी नकाशा काढलाय,” यामिनी म्हणाली. “पप्पा खणून देणार आहेत.”

“लवकर खणा मग.” काकूंनी पदराने डोळे पुसले. “सोमवारपासून आमचा सार्थक जातोय खाली. मंडळाने त्याला बापाच्या जागेवर घेतलंय. नको म्हटलं, ऐकत नाही. आबा, मुकादमाला सांगाल तेव्हा मलाही सांगाल?”

यामिनीच पुढे झाली. “मी येऊन सांगेन, काकू. रोज.”

सोमवारी खोली त्रेचाळीस अंशांवर होती. नऊ वाजून एकोणतीस मिनिटांनी उत्तर आलं. आबा फोनकडे वळले आणि यामिनी अनवाणीच तायड्यांच्या गल्लीत धावली. काकू दारातच उभ्या होत्या. त्यांच्यामागे सार्थक बुटांच्या नाड्या बांधत होता.

“एकोणतीस पूर्णांक चार, काकू,” यामिनीला धाप लागली होती. “आज उतरायला हरकत नाही.”

काकूंनी मान हलवली आणि त्या सार्थकचा डबा भरायला आत गेल्या.